बायोप्सीत एसीटीएच पॉझिटिव्ह, रक्तात सगळं नॉर्मल: मग खरं काय?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एका गृहस्थांच्या वहिनी, वय ३८. काही महिने डोकं दुखत होतं, मग कडेचं दिसेनासं झालं. कर्वे रस्त्यावर डावीकडून आलेली दुचाकी त्यांना दिसलीच नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीत २.६ सेंटिमीटरची गाठ निघाली. ऑपरेशनआधी सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) १४, थायरॉइड ठीक, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) ठीक, फक्त प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढून ६४. 'गाठ हार्मोन तयार करत नाही' असं सांगून पुण्यातच नाकावाटे दुर्बिणीने ती काढली. आता बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतो: एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन) पॉझिटिव्ह, टी-पिट पॉझिटिव्ह, प्रोलॅक्टिन निगेटिव्ह, केआय-६७ (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) दोन टक्के, सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ ट्यूमर, म्हणजे एसीटीएचच्या पेशींची पण गप्प गाठ. घरच्यांचं म्हणणं, जे हार्मोन रक्तात वाढलेलं होतं ते गाठीत नाही आणि जे गाठीत आहे ते रक्तात नव्हतं; मग नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? वहिनींना कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार, आहे का? आणि गाठच एसीटीएचची असेल तर डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कशाला दिल्या, त्या बंद कराव्यात का?

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात थांबायला वेळ नाही. गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही.

गाठीतल्या पेशी एसीटीएचच्या जातीच्या आहेत म्हणून शरीराला एसीटीएच मिळतंय असं होत नाही. वहिनींची निरोगी पिट्युटरी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची. तिच्यावर अडीच सेंटिमीटरची गाठ बरेच दिवस बसून होती आणि नंतर त्याच जागी शस्त्रक्रिया झाली. त्या दाबाने आणि धक्क्याने निरोगी पेशींचं एसीटीएच कमी पडू शकतं. ते कमी पडलं की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवत नाहीत, आणि कॉर्टिसॉलशिवाय साध्या तापात किंवा जुलाबातही रक्तदाब कोसळतो. हायड्रोकॉर्टिसोन ही त्याची भरपाई आहे. भरपाईच्या मात्रेत, म्हणजे दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम विभागून, तिने गाठ पोसली जात नाही आणि कुशिंगही होत नाही. ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करायची. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सरळ जवळचं हॉस्पिटल गाठायचं आणि हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घ्यायचं. 'मला स्टिरॉइडची कमतरता आहे' अशी चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत लिहून वहिनींच्या पर्समध्ये आजच ठेवा. पुढे शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल परत आलंय का हे आदल्या दिवसाच्या शेवटच्या गोळीनंतर, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन बघता येतं. तो निर्णय तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टने घ्यायचा, शेजाऱ्यांनी नाही.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे. अदलाबदलीची शंका येणं साहजिक आहे, पण हे चित्र मला ओळखीचं आहे. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

प्रोलॅक्टिन आधी उरकते. पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनच्या पेशींना मेंदूकडून डोपामिनचा लगाम असतो, आणि तो एका बारीक देठातून खाली येतो. कुठल्याही जातीची मोठी गाठ त्या देठावर दाबली की लगाम सैल होतो आणि निरोगी पेशीच जास्त प्रोलॅक्टिन सोडायला लागतात. असं वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुतेक वेळा १०० नॅनोग्रॅमच्या आतच राहतं. अडीच सेंटिमीटरची गाठ खरोखर प्रोलॅक्टिनची असती तर आकडा कित्येक शेकड्यांत, पुष्कळदा हजारांत गेला असता. (फार मोठ्या गाठीत उलटा घोटाळाही होतो. प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की यंत्र गोंधळून कमी आकडा देतं. तेव्हा नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजतात. वहिनींच्या गाठीत प्रोलॅक्टिनचा डागच नाही, त्यामुळे ती शंका मिटली.) तेव्हा ६४ हा आकडा गाठीच्या दाबाचा होता. पाळी अनियमित झाली असेल तर त्याचं कारणही बहुधा तिथेच आहे.

एसीटीएचची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि जास्त महत्त्वाचीही.

ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे फॉर्मेलिनमध्ये जातात, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. त्या कापांवर एकेका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग धरतो. एसीटीएचचा रंग पेशीच्या अंगात पसरलेला दिसतो. टी-पिटचा रंग मात्र पेशीच्या केंद्रकात दिसतो, कारण टी-पिट हे हार्मोन नाही. ही पेशी एसीटीएचच्या घराण्यातली आहे हे ठरवणारा तो एक घटक आहे. अशी तीन मुख्य घराणी आहेत. टी-पिटचं एसीटीएचचं. पिट-१ चं ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन आणि टीएसएचचं. आणि एसएफ-१ चं एफएसएच-एलएचचं, म्हणजे पाळीशी संबंधित हार्मोनांचं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने पिट्युटरीच्या गाठींचं वर्गीकरण या घराण्यांवर आणलं आणि २०२२ च्या आवृत्तीत ते आणखी पक्कं केलं. त्याच आवृत्तीने 'ॲडेनोमा'च्या जागी 'पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हे नाव पुढे आणलं. ते रिपोर्टवर वाचून बरीच कुटुंबं कॅन्सर झाला असं समजून रडत येतात. नाव बदललं म्हणून गाठीचा स्वभाव बदललेला नाही. शरीरात इतरत्र पसरणाऱ्या पिट्युटरी गाठी फार दुर्मीळ आहेत.

म्हणजे बायोप्सी सांगते की पेशी कोणत्या जातीची आहे आणि तिच्या आत काय आहे. त्या पेशीने रक्तात काय सोडलं, किती सोडलं आणि जे सोडलं ते कामाचं होतं का, हे काचेवर दिसत नाही.

एसीटीएच पेशीत सरळ तयार होत नाही. आधी पीओएमसी नावाचं एक लांबलचक प्रथिन बनतं, आणि मग एंझाइम ते ठरावीक जागी कापतात. त्यातल्या एका तुकड्याचं नाव एसीटीएच. हे कापणाऱ्या मुख्य एंझाइमचं, पीसी-१/३ चं प्रमाण सायलेंट गाठींत कमी असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. प्रथिन अर्धवट कापलेलं राहतं. अँटिबॉडीला मात्र त्यातला एसीटीएचचा भाग ओळखू येतो, म्हणून काच तपकिरी होते. शरीरातल्या ॲड्रिनलला ते अर्धवट प्रथिन फारसं हलवू शकत नाही. म्हणूनच काही सायलेंट रुग्णांत रक्तातला एसीटीएचचा आकडा वाढलेला निघतो आणि कॉर्टिसॉल मात्र जागच्या जागी. दुसरी शक्यता अशी की पेशी तयार झालेलं हार्मोन बाहेर न सोडता स्वतःच मोडून टाकते. अशा गाठींचं सविस्तर वर्णन १९८० साली टोरांटोच्या होर्व्हाथ आणि कोवॅक्स यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहून केलं, आणि तेव्हापासून 'सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ' ही जात मान्य आहे.

इथे मला एक गोष्ट जरा स्पष्टच विचारायची आहे. गाठ खरंच गप्प होती का, की तिला नीट विचारलंच गेलं नव्हतं?

तुम्ही लिहिलंय, सकाळचं कॉर्टिसॉल १४ म्हणजे नॉर्मल. कॉर्टिसॉल कमी आहे का हे बघायला सकाळचा आकडा उपयोगी पडतो. जास्त आहे का हे त्यावरून कळत नाही. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी वर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये आधी बिघडतो तो रात्रीचा तळ, आणि सकाळचा आकडा अगदी सभ्य राहू शकतो. म्हणून कुशिंग नाही असं म्हणायचं तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी ८ ला कॉर्टिसॉल बघतात, ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं पाहिजे. किंवा रात्री उशिरा लाळेतलं कॉर्टिसॉल मोजतात. नजर जात असताना ऑपरेशनची घाई असते आणि त्यात ही चाचणी मागे राहते. मी त्याबद्दल कुणाला दोष देणार नाही. पण आता बायोप्सी हातात आहे, तर मागे वळून बघायला हवं. दोन वर्षांपूर्वीचे फोटो काढा, एखाद्या लग्नातले किंवा गणपतीतले, आणि चेहरा गोल होत गेला का ते शांतपणे बघा. मांड्यांची ताकद विचारा: पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागणं वेगळं आणि मांड्याच न उचलणं वेगळं, उकिडवं बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का? न लागता निळे डाग पडायचे का? रक्तदाब किंवा साखर याच दोन वर्षांत वाढली का? हाडांची घनता कधी तपासली आहे का? यातलं बरंच जुळलं तर ही गाठ पूर्ण गप्प नव्हती, कुजबुजत होती. लक्षणं इतकी पुसट की कुणी त्यांची नोंदच घेत नाही, अशा गाठी असतात, आणि आमच्यातले काही जण त्यांना 'कुजबुजणाऱ्या' याच नावाने ओळखतात.

यातून एक फरक लक्षात घ्या. काही गाठींचं हार्मोन रक्तातही वाढलेलं असतं पण माणसाला काही जाणवत नाही. काहींत रक्तही साफ असतं आणि फक्त काचेवर रंग दिसतो. दोघींना 'सायलेंट' म्हणतात, पण पहिलीवर रक्ताच्या तपासणीने पहारा ठेवता येतो आणि दुसरीवर एमआरआयनेच.

बाकीच्या घराण्यांचं थोडक्यात सांगते, कारण अशाच रिपोर्टसाठी इतर वाचकही येतील. लक्षणांशिवायच्या गाठींत सगळ्यात जास्त एसएफ-१ घराण्याच्या, म्हणजे एफएसएच-एलएचच्या. त्या हार्मोन सोडत असल्या तरी त्याचा त्रास क्वचितच होतो, आणि पाळी गेलेल्या बाईचं एफएसएच मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे रक्तावरून काहीच कळत नाही. या गाठी साधारण संथ असतात. टीएसएचच्या गाठी विरळ. टी-४ वाढलेलं असूनही टीएसएच दबलेलं नसेल तर त्यांचा विचार करायचा. ग्रोथ हार्मोनच्या सायलेंट गाठी बऱ्याचदा तरुण बायकांत सापडतात. तिथे मी आयजीएफ-१ च्या आकड्याइतकाच विश्वास एका प्रश्नावर ठेवते: तुळशीबागेत बांगड्या भरताना माप बदललं का? २.४ घालणारी बाई आता २.६ मागते आणि वजन तर तेवढंच आहे, असं असेल तर तो आयजीएफ-१ मी पुन्हा करायला सांगते. अंगठी आणि चप्पल याच कामाला येतात.

पण तुमच्या वहिनींची जात वेगळी आहे आणि हेच मला या उत्तरात सगळ्यात नीट सांगायचं आहे. 'सायलेंट' हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की गाठ सौम्य स्वभावाची आहे. कॉर्टिकोट्रॉफच्या बाबतीत तसं समजू नका. २०१७ च्या वर्गीकरणात ज्या पिट्युटरी गाठी जास्त आक्रमक वागू शकतात म्हणून वेगळ्या काढल्या, त्यांत सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ आहे. हार्मोनची लक्षणं नसल्यामुळे ती सापडते तेव्हा मोठी झालेली असते. बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये, जिथून डोळा हलवणाऱ्या नसा आणि मेंदूची मोठी धमनी जाते, तिथे ती शिरलेली असण्याची शक्यता जास्त. तिच्यात रक्तस्राव होण्याचं प्रमाणही जास्त आढळतं: अचानक भयंकर डोकेदुखी, उलटी, नजर जाणं किंवा एका डोळ्याची पापणी पडणं, असं झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. पुन्हा वाढण्याचे आकडे सगळ्या अभ्यासांत सारखे नाहीत, पण ती पुन्हा वाढली तर कमी वयात आणि एकापेक्षा जास्त वेळा वाढते असं अनुभवही सांगतो आणि अभ्यासही. थोड्या रुग्णांत आधी गप्प असलेली गाठ पुढे उघड कुशिंग करते.

केआय-६७ दोन टक्के आहे हे चांगलंच. तीनच्या वर असतं तर मी जास्त जवळून लक्ष ठेवलं असतं. पण त्या एका आकड्यावर निर्धास्त होऊ नका. माझ्या मते ऑपरेशनच्या नोंदीतलं एक वाक्य त्याहून मोलाचं आहे: सर्जनने गाठ पूर्ण काढली की कॅव्हर्नस सायनसमध्ये काही ठेवावं लागलं? ती नोंद मागून घ्या.

ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत दाखवावा का? अविश्वास म्हणून नको. पण एका कारणाने दाखवण्यात अर्थ आहे. तुकड्यांत निरोगी पिट्युटरीचा अंश आला असेल तर तिथल्या सामान्य एसीटीएच पेशीही रंग धरतात. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट बघतो की रंग गाठीच्या सगळ्या पेशींत आहे की विखुरलेल्या थोड्यांत, टी-पिट केंद्रकात दिसतो का, आणि रेटिक्युलिनच्या रंगात ग्रंथीची मूळ जाळी मोडलेली आहे का. तुमच्या रिपोर्टमध्ये टी-पिट आहे, त्यामुळे निदान पक्कं वाटतं. ज्यांच्या रिपोर्टमध्ये फक्त हार्मोनचे रंग आहेत आणि खाली 'नल सेल' (कुठल्याच घराण्यात न बसणारी गाठ) लिहिलंय, त्यांनी मात्र तीनही घराण्यांची तपासणी करून घ्यावी; अशा बऱ्याच गाठींचं घराणं त्यानंतर सापडतं. एसीटीएच निगेटिव्ह पण टी-पिट पॉझिटिव्ह अशाही गाठी असतात.

पुढचं वेळापत्रक. ऑपरेशननंतर तीन ते चार महिन्यांनी एमआरआय. त्याआधी केला तर सूज आणि भरलेली चरबी गाठीसारखी दिसून उगाच घाबरवते. त्याच सुमारास नजरेच्या क्षेत्राची तपासणी. मग निदान पाच वर्षं दरवर्षी एमआरआय, आणि त्यानंतर अंतर वाढवलं तरी पहारा सोडायचा नाही. गाठीचा काही भाग उरलेला असेल तर ही जात लक्षात घेऊन रेडिएशनचा, म्हणजे नेमक्या जागी देण्याच्या रेडिओसर्जरीचा विचार इतर संथ गाठींपेक्षा लवकर करावा लागतो. त्याने पुढच्या वर्षांत पिट्युटरीची उरलेली हार्मोनं कमी होऊ शकतात, म्हणून न्यूरोसर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवू देत. गोळ्यांनी ही गाठ विरघळेल असं कुणी सांगत असेल तर आधी त्याला रिपोर्टमधली जात वाचायला सांगा. कॅबरगोलिनने जशी प्रोलॅक्टिनची गाठ आक्रसते तशी ही आक्रसेल असा भरवसा देता येत नाही.

वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, साखर आणि गोळ्यांची गरज संपली असेल तर डेक्सामेथासोनची चाचणी. तिच्याआधी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसतं. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं आणि ते अनेक यंत्रांवर हार्मोनचे आकडे बिघडवतं. दोन-तीन दिवस आधी बंद करा. आणि गुडघेदुखीसाठी कुणी दिलेलं बिनालेबलचं चूर्ण घरात असेल तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. असं चूर्ण घेणाऱ्या बायकांचे कॉर्टिसॉलचे आकडे मी कित्येकदा तळाला गेलेले पाहिलेत.

एसीटीएचचं रक्त घरी बोलावून देऊ नका. हे हार्मोन उष्णतेत लवकर नष्ट होतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवावं लागतं आणि थोड्याच वेळात यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. रक्त न्यायला आलेला मुलगा आणखी चार घरं करून दुपारी लॅबला पोचला तर जो कमी आकडा येईल तो वहिनींचा नसून उन्हाचा असेल. सकाळी ८ ला स्वतः लॅबमध्ये जा, आणि नळी बर्फात ठेवतात का ते तिथेच उभं राहून बघा.

पुढच्या भेटीला एमआरआयची सीडी (फक्त कागदी रिपोर्ट नाही), ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि ते जुने फोटो घेऊन जा. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून मागून घ्या. काही वर्षांनी गाठ पुन्हा दिसली तर नव्या तुकड्याची तुलना त्याच ब्लॉकशी करावी लागेल.